बिअर: मोड आलेल्या दाण्यापासून झाकण बसेपर्यंत

प्रश्न असा आहे: बिअर जवापासून बाटलीपर्यंत नेमकी कशी तयार होते? त्याला जोडून दोन शंका आहेत. कारखान्यातली बिअर म्हणजे स्पिरिटमध्ये पाणी, रंग आणि गॅस असं ऐकलंय, ते खरं का? आणि आपल्याकडच्या बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात का?

शंकांची उत्तरं आधी देतो. पहिलीचं नाही, दुसरीचंही नाही. पण नुसत्या 'नाही'नं कुणाचं समाधान होत नाही, हे मी बावीस वर्षं लग्नकार्यांत अनुभवतोय. जेवणाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "काय करता?" मी सांगतो. मग आवाज खाली करून तो ग्लिसरीनचंच विचारतो. मायक्रोबायोलॉजी शिकून मी पहिली अकरा वर्षं मराठवाड्यातल्या एका मोठ्या कारखान्यात काढली. तिथं रोज लाखभर बाटल्या निघायच्या. आता पुण्यात एका वेळी हजार लिटर होईल एवढ्या छोट्या ब्रूअरीत आहे. दोन्हीकडची कृती एकच. भांडी आणि घाई वेगळी.

वाचताना हवेवर लक्ष ठेवा. बिअर करताना हवा कधी द्यायची आणि कधी तोडायची, एवढ्यावर माझी निम्मी नोकरी चालते. माल्ट, हॉप्स, यीस्ट (म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव) यांच्यावर सगळे बोलतात, हवेवर कुणी बोलत नाही.

ज्यांच्या घरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व होतं त्यांना बिअरचा पहिला टप्पा आधीच येतो. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि दळायची. जवाचं, म्हणजे आपल्या सातूचं, हेच केलं की त्याला माल्ट म्हणतात. माझी आजी सत्त्वाची पेज करायची तेव्हा म्हणायची, "साध्या पिठाची दाटते, मोडाची सैल राहते आणि गोड लागते." तिचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. मोड येताना दाणा आपल्या कोंबाला खाऊ घालण्यासाठी एन्झाइम तयार करतो. ती पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात. साखळ्या तुटल्या की पेज पातळ होते आणि साखर झाली की गोड लागते. बिअरचा अर्धा कारभार या एका वाक्यात आला.

मग नाचणीच का नाही, जवच का? नाचणीची, ज्वारीची बिअर होते, आफ्रिकेत ज्वारीची पिढ्यान्‌पिढ्या करतात. पण जवात दोन गुण एकत्र आहेत. मोड आल्यावर त्यात एन्झाइम भरपूर होतात, आणि त्याचं टरफल मळणीनंतरही दाण्याला चिकटून राहतं. गव्हाचं निघून जातं. हे टरफल पुढे कुठे कामाला येतं ते सांगतोच.

आपल्याकडे माल्टसाठीचा जव मुख्यतः राजस्थान-हरियाणातून येतो, रब्बीचं पीक. माल्ट करणारे कारखाने वेगळे असतात. आम्ही माल्ट पोत्यांनी विकत घेतो. तिथं जव आला की त्यात साधारण १२ टक्के ओलावा असतो. तो भिजवून ४३ ते ४५ टक्क्यांवर न्यायचा, दीड-दोन दिवसांत. सलग पाण्यात ठेवून मात्र चालत नाही. काही तास पाण्यात, मग पाणी सोडून द्यायचं आणि काही तास दाण्यांतून हवा खेळवायची, मग पुन्हा पाणी. दाणा जिवंत आहे, श्वास घेतो. सलग बुडवून ठेवला तर गुदमरतो आणि आंबूस वास मारतो. पुढचे चार-पाच दिवस १५ ते १८ डिग्रीला मोड आणतात आणि ढीग सतत उलथत राहतात, नाहीतर आतून तापतो आणि मुळ्यांची गुंतवळ होऊन गादीच तयार होते. कोंब टरफलाच्या आतून दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत सरकला की तिथंच थांबवायचं. आणखी वाढू दिला तर आपल्यासाठी ठेवलेलं पिष्ट तोच खाऊन टाकेल. मग गरम हवेची भट्टी: आधी ५० डिग्रीच्या आसपास वाळवण, शेवटी ८०-८५. ओलावा ४-५ टक्क्यांवर येतो, कोंब मरतो, एन्झाइम मात्र बऱ्यापैकी जिवंत राहतात. फार तापवलं तर तीही जातात.

पोतं आलं की मी आधी चार दाणे दाताखाली धरतो. कच्चा जव दगडासारखा असतो, दात दुखतो. चांगला माल्ट कुरकुरीत तुटतो, आत पांढरं भुसभुशीत पीठ, आणि चावत राहिलं की जिभेवर गोडी येते. टोकाशी काचेसारखं कडक लागलं तर मोड अर्धवट आलेत. कागदावरचे आकडे काहीही असोत, त्या पोत्यावर मी डोळा ठेवतो.

रंगाचं इथंच संपवू. सोनेरी बिअरचा रंग भट्टीतून येतो. काळ्या स्टाउटसाठी २०० डिग्रीच्या वर कॉफीसारखा भाजलेला माल्ट असतो, आणि तो हजार लिटरला दहा-पंधरा किलो पुरतो. जगात काही ठिकाणी कॅरमलचा रंगही वापरतात, पण फिक्या पिवळ्या लागरला, म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेल्या बिअरला, रंग घालून करायचं काय?

हजार लिटर साध्या बिअरला दोनशे किलोच्या आसपास माल्ट लागतो. तो आधी भरडायचा. हे पिठाच्या गिरणीचं काम नाही. दोन रुळांमधून दाणा असा चेपायचा की आतलं पीठ फुटावं आणि टरफल शक्य तितकं अख्खं राहावं. नवीन मुलं बारीक दळतात. त्यांना वाटतं, जास्त बारीक म्हणजे जास्त साखर. साखर येतेही थोडी जास्त, पण ती भांड्यातून बाहेर काढता येत नाही.

मग मॅश. भरड गरम पाण्यात कालवायची, किलोला तीन लिटरच्या आसपास. दिसायला घट्ट लापशी. आता पाऱ्याचा खेळ सुरू होतो. ६३ डिग्रीच्या आसपास एक एन्झाइम कामाला लागतं, ते यीस्टला खाता येईल अशी माल्टोज साखर करतं. ७२ ला दुसरं जोर धरतं, ते पिष्टाचे मोठे-लहान तुकडे करतं. त्यातले बरेच यीस्टला पचत नाहीत. ते बिअरमध्ये तसेच राहतात आणि तोंडात भरलेपणा देतात. म्हणजे ६३ ला जास्त वेळ थांबलात तर बिअर कोरडी आणि थोडी तेज होते; तिथं घाई केलीत तर जड आणि गोडसर. त्याच माल्टपासून दोन वेगळ्या बिअर निघतात, फरक फक्त अर्ध्या तासाचा. गव्हाच्या बिअरसाठी मी त्याआधी ४४ डिग्रीला थोडा थांबतो, कारण त्या तापमानाला दाण्यातून एक आम्ल सुटतं आणि पुढे यीस्ट त्याचा लवंगेचा वास करतं.

पिष्ट संपलं की नाही हे बघायला आजही सगळ्यात भरवशाची चीज म्हणजे आयोडीन. शाळेत बटाट्यावर टाकलेलं तेच. पांढऱ्या बशीत मॅशचे दोन थेंब घ्यायचे, गार होऊ द्यायचे, शेजारी आयोडीनचा थेंब ठेवून एकमेकांत ओढायचे. निळं-काळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, थांबा. पिवळं-तपकिरीच राहिलं की ७८ ला नेऊन एन्झाइमना निरोप द्यायचा.

पाण्याबद्दल लोक विचारत नाहीत, पण बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. १८४२ मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन गावी योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरनं पहिली सोनेरी लागर केली, तिच्या नरम चवीमागं तिथलं अतिशय मृदू पाणी आहे. आमच्याकडे टँकरमधून आज काय येईल ते टँकरवालाच जाणे. बोअरचं असलं तर जड. म्हणून आरओ, आणि मग हवे ते क्षार मोजून परत घालायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कार्बन फिल्टरनं काढलं नाही तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. आणि पाणी लागतंही खूप: एक लिटर बिअरला मोठे, शिस्तीचे कारखाने चारेक लिटर वापरतात, आम्ही लहान लोक त्याहून जास्त. त्यातलं बरंचसं धुण्यात जातं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य-बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, ते चूक होतं असं मला वाटत नाही.

आता टरफलाची पाळी. मॅशमधलं गोड पाणी, त्याला वर्ट म्हणतात, ते चोथ्यापासून वेगळं करायचं असतं. भांड्याला खाली बारीक चिरांचा दुसरा तळ असतो. त्यावर टरफलं बसतात आणि तीच गाळणी बनतात. पहिलं गढूळ पाणी परत वरून सोडायचं. दहा-पंधरा मिनिटांत काचेच्या नळीत स्वच्छ मधासारखा रंग दिसायला लागतो. मग वरून ७८ डिग्रीचं पाणी हळूहळू शिंपडत चोथ्यातली उरलेली साखर धुऊन घ्यायची. ८० च्या वर गेलात तर टरफलातला तुरटपणा उतरतो, जास्त उकळलेल्या चहासारखा. या टप्प्याचा वर्ट चाखून बघावा: हॉर्लिक्समधून दूध वजा करा, तसा.

गव्हाला टरफल नाही हे वर सांगितलंय. आमच्या गव्हाच्या बिअरमध्ये निम्म्याहून जास्त गव्हाचा माल्ट असतो, त्यामुळे गाळणीच अपुरी पडते. उपाय साधा, भाताचं तूस. धुऊन मॅशमध्ये मिसळलं की पाणी वाट काढतं. एकदा, पुण्यात नवीन असताना, मी ते घालायला विसरलो. दुपारी दोनला गाळायला घेतलं, तीनला धार करंगळीएवढी झाली, साडेतीनला बंद. चोथ्याची अक्षरशः कणीक झाली होती. खालून गरम पाणी उलटं चढवून थर उचलायचा, पुन्हा बसू द्यायचा, पुन्हा अर्धा तास धार, पुन्हा बंद. संपायला रात्रीचे अकरा वाजले. तेव्हापासून तुसाचं पोतं मी भरडणीच्या मशीनला टेकवूनच ठेवतो, म्हणजे ते ओलांडल्याशिवाय बटण दाबता येत नाही. उरलेला चोथा सकाळी गोठेवाले घेऊन जातात. तो दिवसभर पडू दिला तर संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळतं.

मोठ्या कारखान्यात माल्टबरोबर तांदळाची कणी, मक्याचे फ्लेक्स किंवा साखरही वापरतात. यात भेसळ काही नाही. बिअर हलकी होते आणि स्वस्तही पडते. कणीचं पिष्ट माल्टच्या तापमानाला उलगडत नाही, म्हणून ती वेगळ्या कुकरमध्ये आधी शिजवतात आणि मग मॅशमध्ये ओततात. तिच्यात स्वतःची एन्झाइम नाहीत, माल्टची उसनी घेते. स्ट्राँग बिअरसाठी साखरेचं प्रमाण वाढवून मूळ वर्टच जास्त गोड ठेवतात. तेज येतं ते तिथून, बाहेरून स्पिरिट ओतून नाही. आणि स्पिरिट ओतायचं म्हटलं तरी आवारात राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते, प्रत्येक टाकीचा हिशेब नोंदला जातो.

पाणी घालतात या अफवेत मात्र खऱ्याचा एक कण आहे. मोठे कारखाने टाकीची जागा वाचवायला बिअर मुद्दाम जरा तेज करतात आणि शेवटी ठरलेल्या प्रमाणावर पाण्यानं आणतात. जगभर चालतं, लबाडी नाही. पण ते पाणी आधी निर्वात करून त्यातली हवा काढावी लागते, आणि त्यासाठी एक आख्खं यंत्र असतं. साधं पाणी ओतलं तर त्यात विरघळलेली हवा दोन महिन्यांत बिअरची वाट लावेल.

गाळलेला वर्ट तास-सव्वा तास खळखळून उकळायचा. तो दुधासारखा उतू जातो, फक्त इथं पातेलं हजार लिटरचं असतं आणि वर्ट चिकट. पहिली उकळी फुटेपर्यंत मी फोन उचलत नाही. याच वेळी हॉप्स पडतात. हॉप्स ही वेलीची फुलं. आमच्याकडे ती दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतात, बव्हेरियातल्या हालरटाऊमधून किंवा अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातून. वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात, म्हणून महाराष्ट्रात लावून बघण्यात अर्थ नाही. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये होतात. फुलातलं आम्ल तासभर उकळलं की रूप बदलतं आणि कडू होतं. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणासाठी, शेवटच्या पाच-दहा मिनिटांतले वासासाठी. लवकर घातलेल्यांचा वास वाफेबरोबर निघून जातो. आमटीला वरून कोथिंबीर शेवटी घालतो, त्यातलाच प्रकार. हॉप्स बऱ्याचशा आंबवणाऱ्या जिवाणूंनाही रोखतात. १५१६ साली बव्हेरियातल्या प्रसिद्ध शुद्धता नियमानं बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असं ठरवलं. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय असतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

इथपर्यंत स्वच्छतेची फार काळजी नसते, उकळी सगळं मारते. आच बंद केली की नियम पालटतात. वर्ट गोल फिरवून गाळ मध्यभागी ढिगासारखा बसवायचा आणि वरचं स्वच्छ पाणी पत्र्यांच्या कूलरमधून झटपट खाली आणायचं, गव्हाच्या बिअरला १८ डिग्री, लागरला १०. थंड, गोड, आता पुन्हा न उकळणारं पाणी म्हणजे वाऱ्यावरच्या प्रत्येक जंतूला आमंत्रण. म्हणून यापुढचा प्रत्येक पाइप आधी गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं, मग आम्लानं धुतलेला, शेवटी निर्जंतुक केलेला. माझ्या दिवसाची वेळ मोजली तर बिअर करण्यापेक्षा धुण्यात जास्त जाते. ज्याला घासायचा कंटाळा आहे त्यानं या धंद्यात येऊ नये.

आणि इथंच, फक्त इथंच, बिअरला हवा द्यायची. गाळलेली निर्जंतुक हवा किंवा शुद्ध ऑक्सिजन, लिटरला आठ-दहा मिलिग्रॅम विरघळेल इतकी. यीस्टला नवी पेशी बांधायची तर पेशीच्या आवरणासाठी लागणारी काही द्रव्यं ऑक्सिजनशिवाय करता येत नाहीत. कमी दिलीत तर यीस्ट अर्ध्या वाटेत दमतं, गोडी शिल्लक राहते.

यीस्ट मोजून घालायचं. साध्या बिअरला वर्टच्या प्रत्येक मिलिलिटरमागं सुमारे एक कोटी पेशी. वापरून झालेलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं, ते काढून पुढच्या बॅचला लावायचं, विरजण ठेवतात तसं. फरक एवढाच की विरजणात कोण कोण आहे याची चौकशी आपण करत नाही, इथं सूक्ष्मदर्शकाखाली करावी लागते. हे शहाणपण कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून आलं. १८८३ मध्ये एमिल क्रिस्तियान हान्सननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, आणि बॅच 'का कोण जाणे' बिघडण्याचे दिवस बरेचसे संपले.

बारा तासांत टाकीतून बाहेर येणाऱ्या नळीला बादलीत बुडबुडे सुरू होतात. दुसऱ्या दिवशी बादली उकळतेय असं वाटतं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं. १२ टक्के गोडीचा वर्ट अडीच-तीनवर येतो तेव्हा अल्कोहोल ५ टक्क्यांच्या घरात असतं. हजार लिटरमागं पस्तीस-चाळीस किलो गॅस निघतो, म्हणजे छोटी खोली भरेल एवढा. तो हवेपेक्षा जड, खाली साठतो. गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघत. आम्ही मीटर लावतो, कारण ज्योत विझण्याआधीच माणसाला भोवळ येऊ शकते. रिकाम्या टाकीत डोकं घालून बघायचं नाही, हा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला धडा.

दुसरा धडा मी मोठ्या कारखान्यात पाहिला. रिकाम्या केलेल्या, पण अजून गॅसनं भरलेल्या टाकीत घाईनं कॉस्टिक सोडलं गेलं. कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड गिळून टाकतं. गॅस नाहीसा झाला, आत पोकळी पडली आणि हवा आत घेणारा वरचा व्हॉल्व्ह चिकटलेला. ट्रक आदळल्यासारखा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर दोन मजली स्टीलची टाकी प्लास्टिकची बाटली चुरगळावी तशी आत दबली होती. सुदैवानं आसपास कुणी नव्हतं.

गव्हाच्या बिअरचं यीस्ट २० डिग्रीच्या आसपास पाच-सहा दिवसांत काम उरकतं आणि केळ्याचा, लवंगेचा वास सोडतं. गिऱ्हाईक विचारतं, "केळ्याचा इसेन्स घातला का?" एक थेंबही नाही. लागरचं यीस्ट थंडीतलं, १०-१२ डिग्रीला आठ-दहा दिवस घेतं. ते शेवटाला आलं की घाई करून गार करायचं नाही. मधल्या काळात यीस्ट डायअसिटिल नावाचं द्रव्य सोडतं. त्याला लोण्याचा वास असतो, लोण्यातही तेच असतं. थोडं उबदार ठेवलं तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं. तपासायला दोन झाकलेले ग्लास घेतो, एक ६० डिग्रीच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवतो, गार करतो, मग दोन्ही हुंगतो. गरम केलेल्याला सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर टाकीला आणखी दोन दिवस. बारचा मालक दारात उभा असला तरी दोन दिवस. मग शून्य डिग्रीला आठवडे मुरवण. जर्मनमध्ये 'लागर'चा अर्थच साठवण.

पुढं आम्ही लहान लोक जवळजवळ संपतो. टाकीतून थेट नळाला. गव्हाची बिअर गाळतही नाही. बाटलीसाठी मोठ्या कारखान्यात चला. तिथं बिअर कीझलगूर नावाच्या, सूक्ष्म शैवालाच्या सांगाड्यांच्या पांढऱ्या मातीतून गाळतात आणि लिटरला पाच ग्रॅमच्या आसपास गॅस विरघळेल असा धरतात. गॅस 'घालतात' हे इतपतच खरं. तो मुळात बिअरचाच.

६५० मिलिलिटरची बाटली पुष्कळदा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेली असते. तुमच्या दारचा भंगारवाला या साखळीतला माणूस आहे. ती गरम कॉस्टिकच्या कुंडातून जाते, लेबल सुटतं, आतून फवारे, मग प्रकाशासमोर तपासणी. भरणं हा भाग मला कारखान्यातला सगळ्यात सुंदर वाटायचा. बाटली यंत्राला टेकली की आधी आतली हवा खेचून घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, पुन्हा खेचतात, पुन्हा सोडतात. मग दाबाखाली बिअर काचेच्या भिंतीवरून उतरते. ती फसफसत नाही, कारण आत तिच्याच गॅसचा दाब असतो. शेवटी गरम पाण्याची सुईएवढी धार बाटलीच्या गळ्यात सुटते. फेस उसळून वर येतो, गळ्यातली उरलीसुरली हवा बाहेर ढकलतो, आणि फेस ओठावर असतानाच २१ दातांचं झाकण बसतं. हे डोळ्याला दिसतं ते एका बाटलीपुरतं. पट्ट्यावरून तासाला हजारो जातात. लिटरला एक दशांश मिलिग्रॅम ऑक्सिजन आत राहिला तरी आम्ही चिडायचो. तो राहिला तर बिअर विषारी होत नाही, पण तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

मग बाटल्या लांब बोगद्यातून हळूहळू ६० डिग्रीपर्यंत तापतात, तिथं पंधरा-वीस मिनिटं राहतात आणि तशाच हळूहळू गार होतात. हे पाश्चरायझेशन, आधी बिअर-वाइनसाठी आलं, दुधाला नंतर. आत मधूनच एखादी कमकुवत बाटली 'फट्ट' फुटते; नवा माणूस दचकतो, जुना मानही वळवत नाही.

इतकं करून बिअर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडली की आमचं काम चार आठवड्यांत वाया जातं. म्हणून बाटलीवरची जाहिरात सोडा, तारीख वाचा, शक्य तितकी ताजी घ्या. हिरव्या बाटलीची असेल तर उन्हात ठेवलेली घेऊ नका, उजेडानं हॉप्समधलं कडू द्रव्य फुटून घाणेरडा वास येतो. तपकिरी काच तो उजेड बराच अडवते.

राहिलं ग्लिसरीन. बाटली उलटी करून पाण्यात बुडवली की तोंडातून तेलकट धार खाली उतरताना दिसते, तेच ग्लिसरीन, अशी समजूत आहे. यीस्ट आंबवताना लिटरला एक-दोन ग्रॅम ग्लिसरॉल आपोआप तयार करतं, जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये आणि त्याहून जास्त वाइनमध्ये. ते पाण्यात पुरतं विरघळतं, वेगळं होऊन तळाशी बसूच शकत नाही. दिसते ती धार बिअरचीच: ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून खाली उतरते, आणि तिच्या जागी पाणी वर बाटलीत शिरतं. पटत नसेल तर बाटलीत साखरेचं फिकं पाणी भरून हाच प्रयोग करा, तशीच धार दिसेल. म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या बिअरमध्ये लोक स्वतःच्या हातानं पाणी मिसळतात.

आणि घरी करून बघायचा विचार असेल तर महाराष्ट्रात त्याला परवाना लागतो, दारूबंदी कायद्याखाली. माल्ट करून बघायला मात्र कुणाची हरकत नाही. किलोभर जव आणा, भिजवताना दर सहा-सात तासांनी पाणी काढून उघडा ठेवा, मोड आणून वाळवा, मंद भाजा. भरड ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर झाकून ठेवा आणि आयोडीनचा थेंब टाकून बघा.